मागचा आस

गेल्या हिवाळ्यात ओढ्याच्या उतारावर
न्थाटिसीची पिकअप तिरकी झाली.
मागे लोकरीचे सहा गठ्ठे,
उजवं चाक हवेत,
आणि तेच एकटं गरगरत राहिलं
डिझेलचा काटा अर्ध्याखाली येईपर्यंत.
डावं चाक खडकावर घट्ट टेकलेलं.
त्याला कुणी विचारलंच नाही.

"यंत्राचा स्वभावच तसा," खोआबाने म्हणाला,
"ज्याच्या पायाखाली काही नाही
सगळं बळ त्यालाच."
तो हसला. मी नाही हसलो.
सतरा वर्षं सोन्याच्या खाणीत काढून
छातीत दगडाची पूड घेऊन आलेला माणूस मी.
आता गाडी ती चालवते,
मी विजेरी धरतो.

तीन अंगोरा बकऱ्या विकून
डरबनच्या भंगारातून तिने हे धूड मागवलं:
पुढून चेपलेल्या कुठल्यातरी गाडीचं
मागून धडधाकट डिफरन्शियल,
त्याच्या कुशीत मुठीएवढी मोटर.
मला विचारलं नाही तिने.
विचारावं असं
मी तरी काय राखलं होतं.

जुनं तेल घमेल्यात उतरलं,
नासक्या अंड्यांसारखं घाण घाण,
आणि त्यात चांदीची बारीक चमक.
दात झिजलेत, खोआबाने म्हणाला,
बोट चिंध्यांना पुसलं, पुन्हा बुडवलं.
नवं डिफरन्शियल जुन्या घरात बसेना.
कड घासावी लागली, चार बोटं,
मग आणखी एक बोट.
ठिणग्या माझ्या घोंगडीवर.
चार नवी भोकं. त्यातलं एक वाकडं.
"इथे घोडं पेंड खातंय," असं म्हणत
तो दुपारभर पालथा, उताणा, पालथा.
मला खोकला आला की उजेड हलायचा
आणि गाडीखालून शिवी यायची.

संध्याकाळी पापाचा गोळा नि पालेभाजी खाताना
त्याने दोन वाट्या फिरवून समजावलं:
वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालायचं असतं,
आतलं रेंगाळतं. म्हणून दोघांना
आपापल्या चालीने जाऊ द्यायचं,
नाहीतर आस तुटेल.
न्थाटिसीने त्यातली एक वाटी उचलली
आणि आमटी वाढली.
सतरा वर्षं
दर डिसेंबरला मी पंधरा दिवस यायचो;
बाहेरचं चाक कोण होतं
हे आम्ही कधी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तारा.
रिले, फ्यूज, चौकटीच्या कडेकडेने
प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली वायर,
जिथे सिगारेट पेटवायचं भोक होतं
तिथे आता बटण.
तिने दाबलं.
दिवा लुकलुकला. लुकलुकत राहिला.
"काटा सरकलाय, दात जुळत नाहीत,"
खोआबाने म्हणाला, "वीतभर ढकला."
मी पाठ लावली. दम लागला.
वीतभर नाही, चार बोटं हलली असेल,
आणि आत कुठेतरी
खट्.
दिवा स्थिर.

त्याच उतारावर गेलो, त्याच खडकावर.
उजवं चाक पुन्हा हवेत लोंबलं,
पण या खेपेला ते बापडं
डाव्याच्या बरोबरीने सावकाश फिरलं,
जणू शेजारी कुणी आहे म्हणून.
गाडी वर चढली
म्हाताऱ्या खेचरासारखी, धुसफुसत.
मी मागून चालत, हातात दगड,
घसरलीच तर चाकाला लावायला.
लावावा लागला नाही. तरी टाकला नाही.

माथ्यावर रस्ता वळतो
तिथे टायर खडी ओरबाडत कण्हू लागले.
ती वळवत होती, गाडी सरळच जाऊ बघत होती.
"सोड!" मी खालून ओरडलो, "सोड आता!"

तिने ब्रेक मारला.
खिडकीतून डोकं बाहेर काढलं,
वाऱ्याने डोक्याचं फडकं उडालेलं.
"काय सोडू?"

धाप आवरेपर्यंत
मी तिच्याकडे बघत राहिलो.
"बटण," म्हणालो.