इतिवृत्तात न आलेलं

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. उपासनेनंतर, तळघरात.
हजर सव्वीस. गणसंख्या पुरी.
हीटर अर्धाच चालतो, म्हणून कोट कुणी काढले नाहीत.
मसुराचं सूप मी केलं होतं, मीठ जरा जास्त.
(हे लिहायचं नसतं. तरी.)

ठराव एक :
कै. मिसेस लॉकरिज यांनी मृत्युपत्रानं चर्चला दिलेले
रिफायनरीचे शेअर्स विकून टाकावेत.
सूचक रेव्हरंड मारेन टोल्समा. अनुमोदक मी.

खजिनदार खेरिट म्हणाला,
छप्पर कुणाच्या पैशांनी झालं, आठवतंय ना?
आणि खिडकी?

खिडकी आम्हाला पाठ आहे.
पेत्र जाळं ओढतोय, माशांनी फाटायला आलेलं,
आणि खाली कोपऱ्यात, निळ्या काचेत,
कंपनीचं नाव, देणगीचं साल.
आमच्या नदीच्या काठाला नुसती पाटी आहे :
गरोदर बायांनी इथला मासा खाऊ नये.

मग ऑरव्हिल हॅडो उठला.
उठायला त्याला वेळ लागतो,
नाकात नळी, मागे चाकांवर सिलिंडर.
"अडतीस वर्षं मी तिथल्या झडपा फिरवल्या.
माझी चार पोरं त्या धुरावर वाढली.
आता तुम्ही म्हणता, तो पैसा बाटका?"

कुणाचा चमचाही वाजला नाही.

डेल्फिन आमच्यात नेहमी नसते.
रस्त्यापलीकडे तिच्या लोकांची राखीव वस्ती,
ते लोक चर्चच्या आधीचे, कंपनीच्या आधीचे,
या गावाला नाव पडलं त्याच्याही आधीचे.
ती बसूनच बोलली :
"सोमवारी दुपारी भोंग्याची चाचणी असते.
माझी नात भोंगा वाजला की टेबलाखाली जाते,
खरा असो नाहीतर खोटा.
तुमची माफी मागच्या वर्षी ऐकली आम्ही. मेणबत्त्या छान होत्या.
मला आता रात्री जागणारी माणसं हवीत."
आणि टेबलावर, सूपच्या पातेल्याशेजारी,
तिनं एक प्लास्टिकची बादली ठेवली.
झाकणाला झडप, आत पातळ पिशवी,
हवेचा नमुना धरायला.

बाजूनं चौदा. विरोधात अकरा. तटस्थ एक.
ठराव मंजूर.
अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली,
आणि माझी वहीही तिथेच संपते.

पण खुर्च्या रचताना पाहिलं,
तो तटस्थ एक बादलीवर वाकला होता.
"झडप उलटी बसवलीय," म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही,
"अशानं जन्मात काही सापडायचं नाही."
आणि रविवारच्या चांगल्या कोटातून
पाना काढला.

बराच वेळ तो नुसता पिळत, सैल करत राहिला.
मग म्हणाला, "दोन नंबरची चिमणी. रात्री अडीचनंतर.
पाळी पेंगायला लागली की सोडतात."
थोडा श्वास घेतला.
"आम्हीही सोडायचो."

डेल्फिननं माफ केलं, असं मी लिहिणार नाही.
तिनं एक खुर्ची ओढली,
सिलिंडरला जागा राहील एवढ्या अंतरावर,
आणि विचारलं, "मंगळवारी चालेल?"

मंगळवारी मला झोप आली नाही.
थर्मास घेऊन चर्चपाशी गेले.
वाहनतळावर त्याची गाडी, काचा खाली,
दोघांच्या मध्ये बादली, दोघांच्या मांडीवर एकच घोंगडी,
बोलत नव्हते.
पलीकडे चिमणीनं ज्वाळा सोडली
आणि आमची खिडकी मी पहिल्यांदा बाहेरच्या उजेडात पाहिली,
आतून नव्हे, मागून पेटलेली,
दोन्ही बाजूंच्या काचांतून आरपार :
मासे नारिंगी, जाळं नारिंगी,
पेत्राचे हात कोपरापर्यंत नारिंगी.
फक्त नाव तेवढं निळं राहिलं होतं.

"आता," ऑरव्हिल म्हणाला, आणि झडप उघडली.

पुढच्या सभेचा विषय : खिडकीचं काय करायचं.
सूचक खेरिट.
अनुमोदक अजून मिळालेला नाही.