कार्डाची मागची बाजू

तीनशे आमंत्रणपत्रिका छापल्या होत्या मी,
हलका कागद, कडेला निळी रेघ:
आझूबीसी गावच्या हातपंपाचं उद्घाटन,
शनिवारी, सकाळी नऊ.
क्लबकडून शाईचेसुद्धा पैसे घेतले नव्हते.
बोलगातांगाच्या बाजारात छापखाना माझा, बापाच्या वेळचा;
लग्नं, अंत्यविधी, निवडणुका, सगळं छापतो,
आणि दर मंगळवारी इतिवृत्त लिहितो.

त्या मंगळवारी लामिसी आयाम्गा उशिरा आली.
उशिराचे दोन सेडी डब्यात टाकले,
बिल्ला लावायला विसरली होती, त्याचाही दंड भरला,
मग टुओ झाफीची ताटली बाजूला सारून
घडी केलेला एक कागद टेबलावर ठेवला.
प्रयोगशाळा तिची. बाटली तिनेच नेली होती तपासायला.
"फ्लोराइड," ती म्हणाली. "दीड चालतं. इथं चार पूर्णांक दोन आहे.
उकळून जात नाही.
मी सही करणार नाही."

हरमाटनची धूळ जाळीतून आत येत होती.
कोणी घंटेकडे पाहत होतं, कोणी माझ्याकडे,
जणू तो आकडा मीच छापला होता.

क्वार्शिगा बँकेतले, समुद्राकडचे, हळू बोलणारे.
म्हणाले, पैसे कॅनडातल्या क्लबचे. फलक रंगवून झालाय.
गावच्या मुखियाने बकरा राखून ठेवलाय.
"हे पिऊन कोणी मरत नाही, लामिसी."
वाईट माणूस नाही हा. शाळेच्या हिशोबातली
चाळीस सेडींची चूक शोधायला रात्रभर जागला होता.
"मरत नाही," ती म्हणाली.

मग आनाफो उठला, दंतवैद्य. भाषण येत नाही त्याला.
त्याने बोटाने स्वतःचाच ओठ वर उचलला:
दातांवर तपकिरी रेघा, गंजल्या पत्र्यासारख्या.
"माझ्या गावची विहीर," एवढंच बोलून बसला.
दहा वर्षं शेजारी बसून जेवलो आम्ही.
हसताना तोंडावर हात का धरतोस,
कधी विचारलं नव्हतं.

मी लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.
हात वर करायला क्वार्शिगांना लागला तेवढा वेळ
इतिवृत्तात मावत नाही.

बुधवारी आडोंगो वेल्डरने पंपाचा दांडा उतरवला,
तोंडावर लोखंडी झाकण बसवलं,
सांधा इतका गुळगुळीत की बक्षिसाला पाठवावा.
बायका बघत उभ्या. असीबी नावाची म्हातारी
रिकामी बादली आपटून म्हणाली,
"तोंडचं पाणी पळवणारे आजच पाहिले."
खोटं नव्हतं. पुन्हा तीच लांबची वाट, तोच ओढा,
आणि ओढ्याने पोरांना जुलाब होतात
हेही लामिसीला ठाऊक होतं.
क्लोरिनच्या गोळ्या घेऊन ती गेली,
शिव्या घेऊन परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

मी पाटी छापली, गुरेने भाषेत, हाताएवढ्या अक्षरांत:
हे पाणी पिऊ नका. कपडे धुण्यासही उघडू नका.
एकही विशेषण नसलेला
माझ्या छापखान्यातला पहिला मजकूर.

क्वार्शिगांनी कॅनडाला पत्र लिहिलं, मला वाचायला दिलं:
"तुमचे पैसे अक्षरशः खड्ड्यात गेले आहेत.
हिशोब सोबत जोडला आहे."
मी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

उत्तर अजून नाही.
आकोल्बिरे मोजणीदार दर रविवारी
माळावर तिकाटणं रोवून उभा असतो;
प्रार्थना चुकते म्हणून बायको धुसफुसते.
दोन जागा खुणावल्या, दोन्ही खोडल्या.

पत्रिका मात्र वाया गेल्या नाहीत.
मागची बाजू कोरी आहे.
इतिवृत्त त्यांवरच लिहितो आता, आणि हेही.
कागद उजेडाला धरला की आरपार दिसतं
निळ्या रेघेतलं उद्घाटन, उलट्या अक्षरांत.
उलटी अक्षरं वाचायची मला लहानपणापासून सवय.
शनिवारी, सकाळी नऊ.
साल घातलं नव्हतं.