सोमवारची न्याहारी

रविवारी संध्याकाळी पाव फाडायला घेतला.
कापायचा नाही, फाडायचा. सुरीच्या कडेला
दूध नीट मुरत नाही, असं सासू म्हणायची,
आणि ती फारशा गोष्टींत बरोबर नव्हती, पण यात होती.
पाव तीन दिवसांचा शिळा. ताजा घेतला तर लगदा होतो.
बारा अंडी. मग अजून दोन,
कारण यंदा बोटीवर माणसं पाच.
पाचवी आमची मिरेय,
एकोणीस वर्षांची, हातमोजे बापाचे.

सॉसेज परतलं, त्याच चरबीत कांदा.
मोहरीची पूड चिमूटभर. मिरी नको,
एव्हरिस्तला पहाटे शिंका येतात.
चेडर किसताना बोटाचं साल गेलं,
ते कुठे पडलं शोधत बसले नाही.

वरून अंड्या-दुधाचं ओतलं. पाव तरंगला.
तळहाताने खाली दाबला,
दाबून धरला, बुडबुडे वर येईपर्यंत,
आणि हात चटकन काढून घेतला.
या किनाऱ्यावरच्या बाईने
असं काही दाबून धरू नये.

भांडं ओडीलचं आहे. बुडाला पट्टी चिकटवलेली,
तिच्या अक्षरात तिचं नाव, पाण्याने फिकं.
चार वर्षांपूर्वी आमच्या बोटीची दोन दिवस खबर नव्हती,
तेव्हा हे भरून आणलं होतं तिने,
आणि भट्टी पेटवून इथेच बसून राहिली, काही न बोलता.
बोट आली. भांडं परत द्यायचं राहिलं.
पुढच्या हंगामात तिची बोट आली नाही.
मी गेले, पण माझं भांडं घेऊन गेले.
हे घेऊन कोणत्या तोंडाने जायचं होतं?

सोमवारी अडीचला उठले, भट्टी तापत ठेवली.
तीनला फोन: वारा नैऋत्येचा, धक्क्यावरच उभं राहवत नाही,
उद्या बघू.
रिकामी तापलेली भट्टी बंद केली.
मिरेय मोजे घालून जिन्यावर बसलेली होती,
तशीच वर गेली.

मंगळवारीही तेच.
दिवसभर पिंजरे डेकवर रचलेले, घराएवढे उंच,
आणि पुरुष खिडकीशी उभे,
आपण वाऱ्याकडे बघत नाही असं दाखवत.
रात्री तीनदा फ्रिज उघडला.
पाव आता तरंगत नव्हता.
दूध दिसतच नव्हतं, सगळं आत गेलेलं.
एक रात्र भिजवायचं असतं. तीन रात्रींचं काय होतं
हे सासूने सांगितलं नव्हतं.

बुधवारी फोन आला तो एकाच शब्दाचा.
पावणेचारला भट्टीतून काढलं:
बरं फुगलं होतं, कडेला तांबूस, मधे हलकं थरथरतं.
चौघे न बोलता जेवले, जेवल्यासारखे जेवले.
मिरेयने फक्त कोपरा घेतला, कुरकुरीत,
लहानपणीही तोच घ्यायची,
आणि तो हातात धरून, चघळत,
माझ्याकडे न बघता गाडीत बसली.

सहाला खाडीच्या तोंडाशी दिवे,
एकामागे एक, माळेसारखे नाही,
धक्काबुक्की करत, पिंजऱ्यांच्या वजनाने जड.
आमचा कोणता ते मला कधीच ओळखता आलेलं नाही.

भांड्यात निम्मं उरलं होतं.
भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात,
निम्मं चालतं का, ते कोणी म्हणत नाही.
ओडीलच्या स्वयंपाकघरात दिवा होता.
या दिवशी तो असतोच, बोट असो नसो.
फडक्यात गुंडाळलं, अजून गरम, पोटाशी धरलं
आणि कोट न घालताच रस्ता ओलांडला.
दार उघडण्याआधीच तिने आतून विचारलं,
"किती वाजता निघाली?"