दगड चांगली आहे

तुर्भ्याच्या खाणीवर एक माणूस आला,
पांढरं मुंडू गुडघ्याशी दुमडलेलं, त्यावर खडीची धूळ,
आणि दुर्गप्पाला, म्हणजे माझ्या बापाला, म्हणाला,
'सात दगड पाहिजे. आवाजवाली.'

खडी ब्रासवर मोजतात.
आवाज कशावर मोजायचा
हे मुकादमाच्या वहीत नव्हतं.

बापाला नवल वाटलं नाही.
हातोडीच्या मागच्या टोकानं त्यानं
एकेका दगडाला विचारलं, कसा आहेस.
भद्द बोलला तो आतून फुटका.
खण्ण बोलला तो बाजूला.
पाहुणा उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकत होता.
पाचव्याला त्यानं मान हलवली.
बापानं परत ठोकलं, थांबला,
अंगठा थुंकीत भिजवून दगडावरून फिरवला:
पार कडेला, केसाएवढी चीर.

त्या दिवशी बापानं दगडाचे पैसे घेतले नाहीत.
टेम्पोचे घेतले.

अच्युत मारार. रबाळ्याला कंपनीत बॉयलर सांभाळायचा,
नेरूळला सिडकोच्या दोन खोल्या,
आत खिळ्याला टांगलेला चेंडा, फणसाच्या लाकडाचा,
जुन्या धोतरात गुंडाळलेला.
त्याला हात लावायचा दीड वर्षानं.
तोवर पहाटे पाचला गच्चीवर सात पोरं,
सात दगड, मुठीत चिंचेचे सोटे,
तक्किट्टा, तक्किट्टा,
आणि खाली दुधवाला वर बघतोय.

'कातडं लाड करते,' मारार म्हणायचा,
'चूक मारला तरी वाजते.
दगड लाड नाही करत. दगड चांगली आहे.'

बाप बघायला गेला, मी त्याच्या मागे.
तिसऱ्या पोराजवळ जाऊन त्यानं न विचारता
पोराचा कोपर धरला.
'खांद्यानं नको रे. घण खांद्यानं मारला
तर दुपारी माणूस संपतो. मनगट सोड.'
मारार बघत राहिला. मग सातही जणांना
मल्याळममध्ये काहीतरी बोलला, लांबलचक,
आणि सातही मनगटं सैल झाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या पाठाऱ्यांनी अर्ज दिला.
त्यांची मुलगी बारावीला होती, अर्ज खोटा नव्हता.
दगड पाण्याच्या टाकीमागे गेले,
खाली गोणपाट, वर पत्रा.

एकदा गच्चीच्या धुळीत मारारनं बोटानं लिहिलं:
शहाण्णव. अठ्ठेचाळीस. चोवीस. बारा. सहा.
पंचारी म्हणे अशी चालते,
आवर्तन आखूड होत जातं, आग वाढत जाते.
बाप आकड्यांकडे बघत राहिला.
त्या साली खाणीवर आमची चाळीस घरं उरली होती.
पुढच्या साली अकरा.
तो काही बोलला नाही. पायानं धूळ पुसली फक्त.

उत्सवाला देवळासमोर सात पोरं उभी राहिली,
उघड्या अंगांवर पांढरी मुंडू, खांद्याला चेंडे,
मागे झांजांची रांग, कोंबू वाकडा आभाळाकडे.
बापाचा उजवा कान सुरुंगानं कधीच नेला होता.
तो बांबूला धरून डावा कान पुढे करून उभा.
शहाण्णवात मला झोप आली.
चोवीसला माझ्या बरगड्या वाजायला लागल्या.
सहाला काय झालं ते सांगता येत नाही,
गर्दीतल्या म्हाताऱ्या बाया हवेत हात फेकत होत्या,
ओळखीच्या, अनोळखी, एक आमच्या रेशनच्या रांगेतली.
रिक्षात बाप एवढंच म्हणाला,
'तिसऱ्याचं मनगट सुटलं.'

मारार पेन्शन घेऊन गावी गेला.
चेंडा मांडीवर घेऊन.
दगड कोण नेणार?
एक माझ्या दारात आहे, त्यावर बसून पोरगी बूट घालते.
मधोमध दोन गुळगुळीत डाग,
बोट ठेवलं की कळतात, नुसतं बघून नाही.

काल नळवाला म्हणाला, ताई, हा हलवू का?
म्हटलं, राहू दे. दगड चांगली आहे.
आई, चांगला, पोरगी म्हणाली. दगड पुल्लिंगी.
बाईंनी शिकवलंय.

हो, म्हटलं.
आणि तिला हातोडी आणायला सांगितली.