कूलरचं पाणी

चौथ्या दिवशी शाळा पुन्हा भरली तेव्हा
नववी ‘ब’ने कुणालाही न विचारता
खिडकीतल्या कूलरची जाळी काढली.
मे महिन्यात भरलेलं, मग विसरलेलं पाणी.
खसला धरलेलं शेवाळ,
तळाशी एक खडू, कुणाचं तरी शार्पनर,
आणि त्यात वळवळणारे
स्वल्पविरामांएवढे जीव.

खुशाल हेडाऊ म्हणाला, "धर बे."
तेजलने दुसरीकडून धरलं.
मी फळ्यावर ‘वैनगंगेचे खोरे’ लिहून
खडू हातात घेऊन उभा.
"खाली बसा" हे दोन शब्द
तेवीस वर्षं रोज म्हणत आलोय,
त्या दिवशी जमले नाहीत.

मग आठवी आली, दहावी आली.
स्टाफरूमचा कूलर, ऑफिसचा,
मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनमधला नवा,
जिन्याखालचा, दोन वर्षं बंद पडलेला.
दामूभाऊंनी चाव्यांचा जुडगाच काढून दिला,
एरवी एका चावीसाठी
दोन सह्या मागणारा माणूस.

सुमेधला ताप आला तेव्हा सहामाही चालू होती.
भूगोलाचा पेपर त्याने तापातच दिला.
कपाळ बाकावर टेकवून बसला होता.
मी म्हणालो, "झोपायला आलास का रे?"
"नाही सर," म्हणाला,
सरळ बसला, नकाशा भरू लागला.
एवढंच.
हे एवढंच मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग आकडे येऊ लागले.
बावन्न हजार. एकतीस. चौदा.
ज्यांना अजून हातचा धरता येत नाही
ती पोरंही प्लेटलेट्सचा हिशोब करू लागली.
पपईच्या पानांसाठी फैजान
सायकलने पार वाठोड्यापर्यंत गेला,
पिशवी भरून मेडिकलच्या गेटवर पोचला
तर वॉचमन म्हणाला,
"काहून आला बे? भेटायची वेळ संपली."
ती पिशवी हँडलला अजून लटकते आहे.
पानं आता तंबाखूच्या रंगाची.

लष्करीबागेत त्याच्या घरी गेलो आम्ही सगळे.
आईने पाणी विचारलं.
चाळीस पोरं, घरात पेले सहा.
सहा-सहा जण प्यायले, पेले पुढे दिले.
एकानेही नको म्हटलं नाही.
निघताना ती मला म्हणाली,
"सर, भूगोल लय आवडे त्याले."
नव्हता आवडत.
मागच्या बाकावर बसून तो
वहीच्या कोपऱ्यात ट्रकांचे नंबर लिहायचा.
मी म्हणालो, "हो."

त्याचा पेपर गठ्ठ्यात सतरावा.
सोळा तपासून झाले, मग अठरावा घेतला.
काल रात्री शेवटी उघडला.
नकाशात त्याने वैनगंगा
थेट नागपुरातून नेली आहे,
नाग नदीच्या जागेवरून, निळ्या पेनाने,
इतकी दाबून की कागदाच्या मागे उमटली आहे.
चूक. गुण शून्य.
तापाने हात घसरला असेल,
की त्याला खरंच वाटत होतं
या शहराला एक धड नदी हवी?
विचारता आलं असतं.
"सुमेध, इकडे ये. हे काय करून ठेवलंस?"
लाल पेनाची शाई टोकावर वाळली.

आज शाळा सुटली तरी पोरं घरी गेली नाहीत.
बादल्या घेऊन गल्लीत शिरली.
"काकू, कूलर खाली करायचा हाय का?"
कुणी दार लावून घेतलं,
कुणी खुर्ची आणून दिली चढायला.
एका म्हाताऱ्याने विचारलं, किती पैसे घेता.
ओतलेलं पाणी रस्त्यावरून
ऑक्टोबरच्या उन्हात थोडं गेलं, सुकलं.

मी स्कूटर काढत होतो.
तेजल समोर येऊन उभी राहिली,
बाह्या ओल्या, हाताला गंज.
"सर, तुमच्या घरी कूलर हाय?"
"आहे."
"खाली केला?"

मी काही बोललो नाही.

"चला मग," ती म्हणाली,
आणि बादली पायाशी ठेवून
मागे बसली.