स्टेरिंगमधला खेळ

बाणांच्या चार कळांवर मी तीन वर्षं गाडी पळवली.
कळेला अर्धं वळण माहीत नसतं,
दाबली की पूर्ण, सोडली की काहीच नाही.
तरी बेनोड्याच्या उज्वलला मी हरवलं
दोनदा, त्याच्याच कॉम्प्युटरवर.
तो म्हणाला, चाक घे, मग बोल.

संत्र्याला मेण लावायच्या कारखान्यात
मी पट्ट्यावरून फळं निवडते: बारीक, मधली, मोठी.
आठ हजार साठले होते.
मृगाचा माल संपलेला, देवमनमामाचा ट्रक
मिस्त्रीकडे उभा. मामा म्हणाला,
स्टेरिंग पाह्याचं हाय तं मी येतो.

राजकमल चौकातल्या दुकानात तीन चाकं.
एक सोळाशेचं, जत्रेतल्यासारखं हलकं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊण फेरा.
मधलं अकरा हजारांचं, आत दातेरी चक्रं,
रस्ता हाताला सांगायचं पण दाढा खात खात.
तिसऱ्यात पट्टा. आवाज नाही.
किंमत पाहून मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मामानं हात प्यांटीला पुसले,
मधल्या चाकासमोर स्टुलावर बसला
आणि ते जरासं हलवलं, डावीकडे, उजवीकडे,
रोज पहाटे गाडी काढायच्या आधी हलवतो तसं.
‘याच्यात खेळ नाही ना वं.’
दुकानातला पोरगा हसला, काका, खेळायलाच तर आहे.
‘तसा नाही बापू. बोटभर खेळ.
चाक हालते अन् गाडीले पत्ता नाही, तेवढा.
तेवढाबी नसला तं ड्रायव्हर शिंकला
की संत्री नालीत.’

मग त्यानं बर्फाच्या घाटातून गाडी नेली,
चाळीसच्या वर नाही.
मागच्याला हात काढून वाट दिली.
सगळे पुढे गेले. सगळ्यांना जाऊ दिलं.
डावा हात गिअर शोधत माझ्या गुडघ्यापर्यंत आला;
गिअर चाकाच्या मागे होता, दोन पानांसारखा.
एका वळणावर चाकानं तळहाताला हिसका दिला
आणि मामा गप्प झाला.
‘गिट्टी हाय इथं,’ म्हणाला.
मी पडद्यावर वाकून पाहिलं.
होती.

बाहेर गिला वडा खाताना त्यानं निकाल दिला:
मधलं. कडकड करते तं करू दे.
माह्या गाडीत बसशील तं कानात कापूस घालशील काय?
मी म्हटलं, तुमच्या गाडीत
समोर बसवता कुठं मला.
त्यानं दह्याचा द्रोण चाटून पुसून साफ केला,
उत्तर दिलं नाही.

तेच चाक परतवाड्याच्या एका पोराकडे निघालं,
पुण्याला चालला होता, साडेसहात दिलं.
क्लचची स्प्रिंग गेलेली.
मामानं फवारणीच्या जुन्या पंपातली बसवली;
आता क्लच दाबायला मला
खुर्चीवरून थोडं उठावं लागतं.
टेबलाची फळी शिकंज्यात बसेना, जाड सागवान.
आईच्या शिलाई मशीनवर बसलं.
खाली आधीच एक पायटा, बाजूला आधीच एक चाक,
आई म्हणाली, घे, पण सोमवारी ब्लाउजं द्यायची आहेत.

पहिल्या रात्री उज्वल त्याच्या घरून, मी इथून.
तिसरा फेरा. मी पुढे, एका गाडीनं,
चाक हातात ओढत होतं
दावणीच्या कालवडीसारखं,
आणि लाइन गेली.

अंधारापेक्षा आधी हाताला कळलं:
चाकातलं वजन निघून गेलं,
नुसतं वाटोळं प्लास्टिक उरलं.
खेडं शांत. उज्वलकडे लाइन असेल,
तो त्या वळणावरून आता एकटाच जात असेल.

अंगणातल्या खाटेवरून मामाचा आवाज आला,
‘ब्रेक मारला व्हता काय वं?’

मारला होता, मी म्हटलं.
मारला नव्हता.