सतरा दिवस

माझ्या कीबोर्डवरचं प्लास्टिक
अजून निघालं नव्हतं,
आणि समोर निवतकराने
बोटाने चालणारा कॉम्प्युटर आणला.

सतरा दिवस. फक्त सतरा.
कणकवलीच्या दुकानदाराने
तेव्हा शब्द काढला नाही.

देवगडच्या जेटीवरून येणारे तांडेल
आता तिकडेच वळतात, बर्फाचं बिल
उगाच दोनदा काढून घेतात.
मी माऊस हलवत बसतो.

काल गेलो. "बघू," म्हटलं, सहज.
"हात पूस आधी."
पुसला. लुंगीला, मग त्याच्याच फडक्याला.
तरी तारलीचं खवलं राहिलं असावं,
पडदा हलेना.
निवतकर हसला नाही. तेच लागलं.

रात्री शटर अर्धं ओढून
माझ्याच स्क्रीनवर बोट ठेवलं,
हळूच सरकवलं.

एक तेलकट रेघ.
अजून आहे.